पोरं पुटपुटायला लागली हो!

ऐकलंत का? नाही, आधी बसा. हे उभ्याउभ्या ऐकायचं प्रकरण नाही.

आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या डिंभ्यात पोरं पुटपुटायला लागली आहेत. भीमाशंकरहून येणाऱ्या एस.टी.ची वाट बघताना पुटपुटतात, गुरांमागे जाताना पुटपुटतात, न्हाणीत शिरली की बादली बडवत पुटपुटतात. एक हात हवेत वरखाली, मान ठोक्यावर डुलतेय, नजर कुठंतरी डोंगरापल्याड. एका माउलीला वाटलं, पोराला बाहेरचं काहीतरी लागलं. तिने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, लिंबू फिरवलं, भगताकडे न्यायचा वारही ठरवला. शेवटी धाकट्या लेकीने चुगली केली, ‘‘आई, त्याला काय बी झालं नाय. दादा रॅप करतोय.’’ माउली मटकन खाली बसली. म्हणाली, ‘‘भूत असतं तर बरं होतं गं. ते उतरवता तरी येतं.’’

घोडेगावात हे लोण आधीच पोचलं होतं, मंचरच्या कॉलेजात तर ते जुनं झालं. आता धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्याही सुटल्या नाहीत. पोशाख बघा नुसता! ढगळ टी-शर्ट, आत आणखी एक भाऊ मावेल एवढा. गळ्यात साखळी. ती सोन्याची नाही म्हणून गळ्यात आहे, सोन्याची असती तर पतसंस्थेत असती. आणि नावाआधी ‘एमसी’. एका आजोबांना वाटलं, नातू एम.एस्सी. झाला, ते पेढे आणायला निघाले. दुसऱ्या आजोबांनी त्या दोन अक्षरांचा वेगळा अर्थ मुंबईत गिरणीत असताना ऐकला होता. ते पायताण घेऊन निघाले.

रेकॉर्डिंग म्हणे गोधडीत होतं. भर एप्रिलात, दुपारच्या वेळी, पोरगं डोक्यावरून दोन गोधड्या घेतं, आत मोबाइल, कानात इअरफोन, आणि सोळा ओळी एका दमात. का, तर आवाज घुमायला नको. ठेका फुकटचा, यूट्यूबवरून उतरवलेला. बाहेर येतं ते घामाने निथळत. मग ते गाणं चढवायला टेकाडावरच्या त्या एका दगडापाशी जायचं, जिथे रेंज येते. त्या दगडाकडे हल्ली एवढी रीघ लागते की शेंदूर फासायचाच काय तो बाकी आहे.

पारावर अण्णांनी जाहीर केलं, ‘‘ही सगळी परदेशी थेरं.’’ अण्णा म्हणजे यात्रा कमिटीचे जुने कारभारी, त्यांच्या शब्दाला वजन. आणि खरंच आहे ते. हे खूळ निघालं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, तारीख ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल नावाच्या पोरीला शाळा उघडायच्या आत नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिने राहत्या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. पोरींना तिकीट २५ सेंट, पोरांना ५०. तबकड्या लावायला थोरल्या भावाला बसवलं. गाणारा थांबतो, नुसता ताल उरतो आणि नाचणारे नेमके तिथेच पेटतात, हे त्या भावाने हेरलं होतं. त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या आणि तो तुकडा आलटून पालटून लांबवत नेला. तोच पुढे डीजे कूल हर्क म्हणून जगभर गाजला आणि त्या लांबवलेल्या तालावर बोलणाऱ्यांचे रॅपर झाले. म्हणजे मुळाशी काय निघालं? पोरीची कपड्यांची हौस! तरी मी म्हणतच होते.

ह्याच घराण्यातली दुसरी एक जात आहे, बिनठेक्याची. तिला स्पोकन वर्ड म्हणतात. ती जास्त धोक्याची, कारण तिच्यात शब्द नीट ऐकू येतात. शिकागोतल्या मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगाराने १९८६ साली तिथल्या ग्रीन मिल नावाच्या बारमध्ये कवितांच्या झुंजी लावायला सुरुवात केली. परीक्षक कोण, तर समोर बसलेल्या गिऱ्हाइकांतूनच उचललेले चार-पाच जण. कवितेला गुण द्यायचे शून्य ते दहा. समीक्षक नाही, प्राध्यापक नाही, अध्यक्षीय भाषण नाही. अध्यक्षीय भाषणाशिवाय कविता! आमच्याकडे वसंत बापट, विंदा आणि पाडगावकर हे तिघे गावोगाव कविता म्हणत हिंडले, लोकांनी ऐकल्या, पण शाल-श्रीफळ नावाची काही रीत होती की नाही?

बरं, ब्राँक्सचं खूळ डिंभ्यात आलं कसं? १४ फेब्रुवारी २०१९ ला ‘गली बॉय’ लागला. डिव्हाइन आणि नेझी ह्या मुंबईच्या दोन खऱ्या रॅपरांवरून सुचलेला सिनेमा. तो मोबाइलवर पोचला आणि ज्या पोरांच्या वाडीत एक धड गल्ली नाही, ती ‘गली’ ‘गली’ करायला लागली. त्यात आपल्याच जिल्ह्याने तेल ओतलं. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरचा अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन, लहानपणी कव्वाली गायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा विजेता झाला, आणि त्याच्या ८० हजारांच्या बुटांची घरोघर चर्चा झाली. ८० हजार! आमच्याकडे एवढ्यात दुभती म्हैस दारात येते, आणि ती निदान दूध तरी देते. तिकडे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ नाव घेऊन ‘एमटीव्ही हसल’ गाजवून आला. श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स ह्यांचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणं २०२४ साली हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं. आजवर हॉलंड म्हटलं की आमच्या पॉलिहाऊसवाल्यांना डच गुलाब आठवायचा. आता मराठी गाण्याला गिऱ्हाईक तिकडे निघालं. आहे की नाही कलियुग?

‘‘आपल्या संस्कृतीत असलं कधी नव्हतं,’’ अण्णा पुढे म्हणाले. इथे मात्र पारावर जरा चुळबुळ झाली. कारण चैत्र तोंडावर आला की अण्णा दरसाल पांढरी टोपी घालून, चार कमिटीवाले जीपमध्ये घेऊन नारायणगावला जातात. देवदर्शनाला नाही. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, सुपाऱ्या ठरतात. तिथल्या सतरंजीवर बसून अण्णा जी घासाघीस करतात, ती कोणत्या संस्कृतीची म्हणायची?

आणि राहुटीत जे ठरतं ते यात्रेच्या रात्री बोर्डावर उभं राहतं तेव्हा काय दिसतं? एक जण पुढे होतो आणि ढोलकीच्या ठेक्यावर तोंड चालवतो. मागे तुणतुण्याची एक तार एकच सूर धरून बसलेली. बाजूला सुरत्ये, ओळीचं शेपूट पकडून ते आभाळात नेणारे. सोंगाड्या मधेच येतो आणि सरपंचापासून आमदारापर्यंत सगळ्यांची लक्तरं काढतो. सरपंच पहिल्या रांगेत बसून टाळ्या देतो. पोरांकडे हेच आहे. ढोलकीला ती बीट म्हणतात, तुणतुण्याला लूप, सुरत्याला हाइप मॅन, फडाला क्रू आणि दौलतजाद्याला लाइक्स. दौलतजाद्यात निदान नोटा मिळायच्या, एवढाच काय तो ऱ्हास.

कलगी-तुरा तर ह्याहून भयंकर. शक्ती थोर म्हणणारे कलगीवाले, शिव थोर म्हणणारे तुरेवाले. दोन फड समोरासमोर, अख्खी रात्र. एकाने कवनात कूट घालायचं, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे सोडवून त्याच चालीत उलटं टाकायचं. भेदिकात पुराणातली कोडी चालायची, पण रात्र चढली की समोरच्याचा गुरू, त्याच्या गुरूचा गुरू आणि त्याचा आवाज ह्यांचा मनसोक्त उद्धार व्हायचा. उत्तर अडलं तर पुढच्या यात्रेपर्यंत गावभर हसं. आता पोरं असा उद्धार करतात तेव्हा त्याला ‘डिस’ म्हणतात आणि आपण ‘‘काय ही भाषा!’’ म्हणतो. बरोबरच आहे आपलं. उद्धार करायचा तर डफावर करावा.

बिघडलेल्यांची यादी काढायला बसलं तर ती लांबते हो. सोलापूरच्या जोशांच्या घरातला राम, जन्म १७६२ च्या सुमाराचा. थोरले बंधू मुद्गल पुराण सांगणारे, आणि धाकटा तमासगिरांत जाऊन बसायचा. भावाने घराबाहेर काढलं म्हणतात. तो शाहीर राम जोशी झाला. रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ चा. कुलकर्णपण सोडून फडात गेला, पवळाबाईच्या संगतीने उभा राहिला, आणि सगळ्या ब्राह्मण आळीची झोप उडवून पठ्ठे बापूराव झाला. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या पूर गावचा नामदेव ढसाळ, १९४९ चा. त्याचं ‘गोलपिठा’ १९७२ साली आलं तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाच कितीतरी शब्दांचे अर्थ विचारावे लागले. पांढरपेशा वाचक तर कपाळाला हात लावून बसला. १९९९ साली सरकारने ढसाळांना पद्मश्री दिली.

आणि नारायणगावच्या विठाबाई. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातली लेक. वग चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही आठवण ह्या भागात अजून सांगतात. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. शेवटची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या वारल्या आणि २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. बिघडलेल्या माणसाला आपण क्षमा करतोच. फक्त त्याला ते ऐकायला जिवंत राहणं जमायला हवं. अमेरिकेची घाई बघा. ‘डॅम’ नावाच्या रॅप अल्बमला २०१८ साली थेट पुलित्झर देऊन मोकळे झाले. केंड्रिक लमार तेव्हा धडधाकट, वय तिशीचं. इतक्या कोवळ्या वयात सन्मान! बिघडायला वाव तरी राहतो का?

आता खऱ्या गुन्ह्याकडे या. तो गुन्हा आहे यमकाचा.

एका निवृत्त गुरुजींच्या हाती एका पोराची वही लागली. घरच्यांना वाटलं, गुरुजी शिव्या बघून चक्कर येऊन पडणार. गुरुजींनी लाल पेन काढलं, सोळा ओळी वाचल्या, शिव्यांना हात लावला नाही आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या ‘लो’खाली रेघ मारली. आलो, गेलो, झालो, प्यालो, मेलो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक आयतं पिकतं, पेरावं लागत नाही. ‘‘हरामाचं यमक खातोस?’’ गुरुजी गरजले. ‘‘क्रियापद मधे ढकल. शेवटी नाम आण. नामाशी नाम जुळवून दाखव, मग तुझा एमसी की फेमसी तो खरा.’’ पोरगं हबकलं. शिव्यांबद्दल ओरडा खायची तयारी होती त्याची, व्याकरणाबद्दल नव्हती.

तिथून गुरुजी जे सुटले ते सुटलेच. लावणी, पोवाडा, कटाव ह्यांची चाल बहुतेक आठ-आठ मात्रांची. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’त तिला पद्मावर्तनी म्हटलंय. पोरांच्या बीटमध्ये ठोके चार. एका ठोक्याला दोन मात्रा घाल, आठ झाल्या. म्हणजे जी चाल डफावर बसते ती ह्या मोबाइलमधल्या ठेक्यावर कुठेही न सांडता बसते. अठराव्या शतकातले अमृतराय कटाव म्हणायचे, अनुप्रासावर अनुप्रास, श्वास घ्यायला जागा नाही अशी धावती रचना. पोरं जिला ‘फास्ट फ्लो’ म्हणून मिरवतात ती अमृतरायांनी कीर्तनात उभं राहून, टाळांच्या साथीवर म्हणून ठेवली आहे. गुरुजींच्या ओसरीवर आता संध्याकाळी तीन-चार ढगळ टी-शर्ट बसलेले दिसतात. बायकोने विचारलं, ‘‘शिकवणी लावली की काय परत?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘नाही, बिघडतोय.’’

मात्रा बसल्या, यमक सुधारलं, की मग प्रश्न उरतो विषयाचा. आणि इथे गावाची खरी गोम आहे. नीट ऐका, पारावर हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

पोरं सुरुवातीला काय गात होती? बंदुका. ज्यांनी आयुष्यात गलोलीपलीकडे शस्त्र धरलं नाही ती बंदुका गात होती. महागड्या गाड्या. रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यावरून भटकणं. अहो, आपल्या जुन्नर-आंबेगावात दिवेलागणीनंतर शेतात जायचं तर बॅटरी, काठी आणि चार माणसं लागतात. बिबट्या उसात नांदतो, जुन्नरला माणिकडोहाच्या कडेला त्याचं निवारा केंद्र आहे. मोटर चालू करायला रात्री जायला नको म्हणून शेतकरी दिवसा थ्री-फेज वीज मागतात. आणि हा गडी रात्री दोनला भटकणार! पण गंमत अशी की ह्या बंदुकांबद्दल, गाड्यांबद्दल गावाची खरी तक्रार कधी नव्हती. ‘‘पोरगं आहे, हुंदडेल चार दिवस,’’ असंच म्हणायचे. यात्रेच्या ऑर्केस्ट्रात त्यातल्या दोघांना एकेक गाणं म्हणायलाही दिलं असतं.

मग कुणीतरी धरण गायला घेतलं.

डिंभे धरण, घोड नदीवरचं. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतलं एक: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि हे. साडेबारा टीएमसीच्या आसपास उपयुक्त पाणी. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव ह्याच पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कुकडीच्या कालव्यांचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्याकडे जातं. आणि ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांच्या वरच्या वाड्यांत मे महिन्यात बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. हे पोराने काही शोधून काढलेलं नाही. त्याच्या घरात रोज बोललं जातं, चुलीपाशी, त्याच शब्दांत. त्याने फक्त ते शब्द आठ मात्रांत बसवले आणि रेंजच्या दगडावर नेऊन सोडले.

दुसऱ्याने हिरडा घेतला. बाळहिरडा वेचायचा, वाळवायचा, पोत्यात भरायचा, आणि भाव दुसऱ्याने सांगायचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याचं नुकसान झालं, त्याच्या भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. हे सगळं सोळा ओळींत, शेवटी नाम, एकही शिवी नाही. आणि गाव हादरलं! बंदुका गाताना हसणारे पोराचे मामा धावत घरी आले. ‘‘पोराला आवरा. उद्या दाखल्याला ऑफिसात जायचंय. घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात फाइल अडकली तर?’’ शिव्या चालल्या, दारूची गाणी चालली, पण पाणी आणि हिरडा म्हणजे अश्लीलच.

भीती अगदीच खोटी नाही म्हणा. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे ह्या दोन मराठी रॅपरांवर सत्ताधाऱ्यांविरुद्ध गाणी केली म्हणून गुन्हे नोंदले गेले. मामांनी ती बातमी मोबाइलवर जपून ठेवली आहे, मुलांना वचक म्हणून दाखवायला. मुलांनीही ती जपून ठेवली आहे, पण तिच्यात त्यांना वेगळंच दिसतं: एक गाणं कुणीतरी एवढं मन लावून ऐकलं! मुंबईत आरेच्या जंगलासाठी ‘स्वदेसी’ ह्या चमूने प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन २०१९ साली ‘वारली रिव्होल्ट’ केलं. आदिवासी पाड्यावरचा माणूस स्वतःच्या जंगलाबद्दल रॅपरांच्या खांद्याला खांदा लावून गातोय, हे आमच्या महादेव कोळ्यांच्या, ठाकरांच्या पोरांनी बघितलं आणि त्यांचे बूट-बिट एकदम मागे पडले.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात आळ्याला रेड्याची समाधी आहे, माहीत असेलच. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा. लोक श्रद्धेने जातात, नारळ फोडतात. रेडा बोलला तर देऊळ, पोरगं बोललं तर कानाखाली, असं एक कार्टं पारासमोरून जाताना म्हणालं. किती हा उद्धटपणा! अण्णांनी काठी उचलली. मग म्हणे जरा थांबले आणि शेजारच्याला विचारलं, ‘‘यमक नव्हतं ना त्यात?’’

ज्या धरणावर बसून ही पोरं वह्या भरतात त्याच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू ह्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला, तेव्हा वय बावीस. त्याला कुणी, ‘‘बाबा, उद्या दाखल्याला जायचंय,’’ असं सांगितलं होतं की नाही, इतिहासात नोंद नाही. दर डिसेंबरात आपण त्याच्या पुतळ्यांना हार घालतो आणि शाळेत भाषण ठेवतो, विषय ‘निर्भय व्हा’. भाषण गुरुजींकडून तपासून घ्यायचं, वेळ तीन मिनिटं.

थांबा, उठू नका. सगळ्यात भयंकर शेवटी ठेवलंय.

मुलीसुद्धा!

हो. इतके दिवस कळलं नाही, कारण त्या तोंड दाखवत नाहीत. गाणं चढवतात, वर फुलाचं नाहीतर सूर्यास्ताचं चित्र. आवाज कुणाचा, पत्ता नाही. गोधडीत रेकॉर्डिंगची युक्तीही म्हणे मूळ मुलींचीच: गोधडीत शिरलं की घरच्यांना वाटतं पोरीचं डोकं दुखतंय. तमाशाला आपल्याकडे गावातले बाप्ये जात, घरच्या लेकीसुनांनी लांबून ढोलकी ऐकायची. त्या लांबून ऐकणाऱ्यांच्या नाती आता म्हणतात काय? लग्नाच्या स्थळाबद्दल म्हणतात. कॉलेजसाठी पहाटेची एस.टी. पकडायची आणि परत येताना अंधार पडला की प्रश्न मुलीलाच विचारायचे, ह्याबद्दल म्हणतात. हंड्याबद्दल तर त्यांच्याइतकं कुणालाच म्हणता येत नाही, मुलगे ऐकीव गातात.

आणि परवा एकीने कहर केला. संतांच्या अभंगात शेवटी नाव येतं, शाहिराच्या कवनात शेवटी नाव येतं, रॅपर तर नाव पहिल्या ओळीलाच ठोकून देतो. तशी रीतच आहे, पण ती बाप्यांची, असं आपलं समजून चाललो होतो. सातशे वर्षांपूर्वी ‘जनी म्हणे’ म्हणत जनाबाई स्वतःची सही करून गेली, हे आपण काकड आरतीत म्हणतो, मनावर थोडंच घेतो? तर ह्या पोरीने शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घातलं, पुढे आईचं, आणि तिथेच थांबली. मामा दोनदा मागे घेऊन ऐकत होते, बापाचं नाव कुठे निसटलं का म्हणून. सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचा नियम केलाय. पण पोरगी तर त्याच्या कितीतरी आधी जन्मलेली, तिला नियम लागू नाही! नियमाबाहेर जाऊन आईचं नाव लावणं म्हणजे सरळसरळ अराजक.

प्रकरण कमिटीपुढे गेलं. अण्णांनी मार्ग काढला: यात्रेच्या रात्री तमाशाआधी पोरांना अर्धा तास द्यावा, वह्या आधी तपासून. नाटक-तमाशाच्या संहिता सरकारचं परिनिरीक्षण मंडळ तपासतं, मग पोरांच्या वह्या कमिटीने तपासल्या तर बिघडलं कुठे? निरोप गेला. अण्णांना वाटलं, पोरं पाया पडायला येतील. उलट निरोप आला, तीन अटींचा. वह्या गुरुजी तपासतील, तेही फक्त यमकापुरत्या. पहिली बारी मुलींची. आणि सुपारीची निम्मी रक्कम आगाऊ, रोख.

‘‘हे पैशाचं कुठून शिकली ही?’’ अण्णा कडाडले. पारावर कुणीच काही बोललं नाही. अण्णांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून दरसाल नारायणगावला जाणारा नातू खाली मान घालून मोबाइल बघत होता.

कमिटीने विचार करायला मुदत मागितली आहे. पोरांनी मुदत दिलेली नाही, त्यांनी कमिटीवरच सोळा ओळी केल्यात. अण्णांच्या टोपीपासून जीपच्या डिझेलपर्यंत सगळं आहे त्यात, आणि एकही ओळ ‘लो’वर संपत नाही. पाच गावांत वाजतायत म्हणे. शी! मी मुळीच ऐकलेल्या नाहीत. नुसत्या पाठ आहेत.